नारळाच्या दुधापासून सुरुवात: उष्ण बेटांवरचं जेवण घरी शिकताना

उष्ण प्रदेशातल्या बेटांवरचं जेवण घरी करून पाहायचं म्हटलं की बहुतेक जण आधी मसाल्यांची यादी घेऊन बसतात. पंडनची सुवासिक पानं कुठे मिळतील, स्कॉच बॉनेट मिरची कुठून आणायची, ऑलस्पाइस नसेल तर काय घालायचं? हे प्रश्न बरोबरच आहेत, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. सुरुवात नारळाच्या दुधापासून करावी. श्रीलंकेची किरी होदी, सामोआची पालुसामी, जमैकाचा राइस अँड पीज, ग्रेनाडाचं ऑइल डाउन, फिजीचा कोकोडा, या सगळ्यांत दूध तेच असतं. बदलते ती आच. एका बेटावर दूध फाटू नये म्हणून पातेल्याजवळून हलत नाहीत, तर दुसऱ्या बेटावर ते फाटून तेल सुटल्याशिवाय पदार्थ झाला असं कुणी म्हणत नाही. हा फरक हाताला कळला की पाककृती वाचतानाच पुढे काय होणार ते दिसू लागतं.

म्हणून इथला क्रम आचेचा आहे. आधी न शिजवलेला नारळ, मग जेमतेम तापवलेलं दूध, मग भातात जिरलेलं, पानात वाफवलेलं आणि शेवटी पार आटवलेलं. कच्च्या माशाचा कोकोडा या हिशेबाने लवकर यायला हवा होता, पण तो मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवला आहे. त्यात मासा पारखावा लागतो, आणि ते पहिल्या दिवशीचं काम नव्हे.

एक विनंती आधीच करतो. एका जेवणात एकाच बेटाचे पदार्थ करा. सौम्य किरी होदीशेजारी (नारळाच्या दुधाची पातळ कढी) झणझणीत पोल संबोल (नारळ-मिरचीचं तोंडीलावणं) येतं, कारण त्या दोघांचा तोल एकमेकांवर उभा आहे. त्यातलं एक काढून तिथे दुसऱ्या महासागरातला पदार्थ ठेवला की दोन्ही बिचारे वाटतात. अननसाच्या चकत्या आणि नारळ घातला की कुठलाही पदार्थ ‘बेटावरचा’ होतो, हा समजही सोडून द्या. या प्रत्येक पदार्थामागे ठरावीक माणसांचा इतिहास आहे आणि तो जाणून स्वयंपाक केला की हातही जपून चालतो.

काय काय लागेल

जाड बुडाचं पातेलं, खवणी, मिक्सर, मलमलचं किंवा पातळ सुती कापड आणि खलबत्ता. एवढ्यावर सगळं होतं. केळीची पानं मिळाली तर उत्तम, नाही तर बेकिंग पेपर चालेल. ओव्हन फक्त पालुसामीसाठी हवा, आणि तिथेही मोदकपात्रासारखं वाफवायचं कुठलंही भांडं वापरता येतं.

नारळ आणि त्याचं दूध

दूध काढायला पूर्ण पिकलेला, तपकिरी करवंटीचा नारळ घ्या. हातात जड लागला पाहिजे आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. डोळ्यांशी ओल किंवा बुरशी दिसली तर तो घेऊ नका. फोडल्यावर आतलं पाणी चाखून पाहा. ते आंबूस किंवा साबणासारखं लागलं तर नारळ खवट आहे, आणि कितीही मसाला घातला तरी ती चव लपत नाही.

नारळ खवताना करवंटीलगतच्या तपकिरी थरापाशी थांबा. तो थर आला की दूध मळकट दिसतं आणि किंचित तुरट होतं. मध्यम नारळाचा साधारण तीन वाट्या चव (खवलेलं खोबरं) निघतो. त्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी पाऊण वाटी घाला आणि मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. गरम पाणी अशासाठी की त्याने खोबऱ्यातला स्निग्धांश सैल होतो. थंड पाण्यात बराच स्निग्धांश चोथ्यातच राहतो. आता कापडात घालून घट्ट पिळा. हे झालं पहिलं, दाट दूध. तोच चोथा दोन वाट्या गरम पाण्यात पुन्हा फिरवून पिळला की दुसरं, पातळ दूध मिळतं. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा. बऱ्याच बेटांवर ही दोन दुधं वेगळी वापरतात: पातळ दुधात पदार्थ शिजतो आणि दाट दूध शेवटी येतं.

डब्यातलं दूध वापरण्यात कमीपणा नाही, पण डब्यावरचा मजकूर वाचायची सवय लावा. नारळ आणि पाणी एवढेच घटक असतील तर सर्वांत बरं. ग्वार गमसारखा घट्टपणा टिकवणारा पदार्थ असेल तर ते दूध सहज फाटत नाही. किरी होदीला हे सोयीचं पडतं. ऑइल डाउनला मात्र ते चालत नाही, कारण तिथे तेल सुटायलाच हवं. पातळ दूध हवं असेल तेव्हा एक भाग डब्यातल्या दुधात दोन भाग पाणी घाला. पिण्यासाठी खोक्यातून मिळणारं नारळाचं पेय फार पातळ असतं, आणि कॉकटेलसाठी विकतात ते क्रीम साखर घातलेलं असतं. या दोन्ही गोष्टी स्वयंपाकाच्या कामाच्या नाहीत.

दूध फाटतं का, हेही समजून घ्या. नारळाच्या दुधात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि नारळातलीच प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. जोराची उकळी आली की ही प्रथिनं गोठतात, थेंब एकमेकांना मिळतात आणि वर तेलाचा तवंग दिसतो. आंबट पडलं तरी तेच होतं. म्हणून दूध अखंड हवं असेल तर मंद आच, उघडं पातेलं, सतत ढवळणं आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. फाटलेलं दूध नासलेलं नसतं, ते खायला अगदी चांगलं असतं. प्रश्न फक्त त्या पदार्थाला ते हवं आहे का, एवढाच.

पहिला दिवस: मास हुनी

मालदीवमध्ये सकाळच्या न्याहारीला मास हुनी आणि रोशी खातात. रोशी म्हणजे पातळ पोळी. मास हुनीला गॅस लागत नाही, आणि पदार्थ बिघडायला फारशी जागाही नाही. म्हणून पहिला पदार्थ हाच करावा असं मला मनापासून वाटतं.

एक लहान कांदा अगदी बारीक चिरा. एक-दोन हिरव्या मिरच्या, मीठ आणि एका लिंबाचा रस घालून हाताने चांगला चुरा, कांद्याला पाणी सुटेपर्यंत. हीच यातली खरी पायरी आहे. चुरल्याने कांद्याचा उग्रपणा जातो आणि तिखट-आंबट सगळीकडे सारखं पसरतं. मग वाटीभर टूना कुस्करून घाला. तिथे धुरावलेला टूना वापरतात. तो नसेल तर पाण्यातला डबाबंद टूना निथळून घ्या. शेवटी वाटीभर ताजा चव घालून हलक्या हाताने कालवा. लगेच खा. तासाभराने नारळ पाणी सोडतो आणि चव बसते.

याच दिवशी पोल संबोलही करून पाहता येईल, कारण हात तोच आहे. श्रीलंकेत सुक्या लाल मिरच्या, मीठ आणि छोटे लाल कांदे खलबत्त्यात कुटतात, मग त्यात चव घालून पुन्हा कुटतात आणि वरून लिंबू पिळतात. त्यात उंबलकड घालायची पद्धत आहे. हा टूना उकडून, धुरावून, उन्हात कडक वाळवलेला असतो आणि तो मूळचा मालदीवचा. त्याच्याशिवायही पोल संबोल होतं, मात्र मग मीठ आणि लिंबू थोडं वाढवावं लागतं. मिक्सर वापरलात तर क्षणभरच फिरवा. नारळाची चटणी व्हायला नको. प्रत्येक कण मिरचीने लाल झालेला पण सुटा राहिला पाहिजे.

किरी होदी: दूध न फाटू देता

चार जणांसाठी दोन वाट्या पातळ दूध, एक वाटी दाट दूध, एक लहान कांदा, दोन लसूणपाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची एक डहाळी, बोटभर पंडनचं पान, दालचिनीचा छोटा तुकडा, अर्धा चमचा मेथीदाणे, पाव चमचा हळद, मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. दालचिनी श्रीलंकेची असली तर फरक कळतो. तिची साल कागदासारखी पातळ असते, थरावर थर गुंडाळलेली, आणि वास सौम्य-गोडसर असतो. बाजारात बऱ्याचदा मिळते ती जाड सालीची दालचिनी जास्त उग्र असते, ती निम्मीच घाला. पंडनला सिंहलीत रांपे म्हणतात. ते मिळालं नाही तर सोडून द्या, त्याच्या जागी दुसरं काही शोधत बसू नका.

१. मेथीदाणे अर्धा तास पाण्यात भिजवा. मेथी वाढवू नका, होदी कडू होते.

२. दाट दूध आणि लिंबू बाजूला ठेवून बाकी सगळं पातळ दुधात घाला आणि मध्यम आचेवर ठेवा. कांदा पारदर्शक आणि मऊ होईपर्यंत, आठ-दहा मिनिटं शिजू द्या. या टप्प्यावर हलकी उकळी आली तरी चालेल.

३. आच मंद करा. दाट दूध घाला आणि इथून पुढे पळी हातातून सोडू नका. तळापासून वर ढवळत राहा किंवा पळीने दूध वर उचलून पुन्हा सोडत राहा.

४. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले, वाफ वाढली आणि मधला भाग अजून शांत आहे, तो क्षण गाठायचा आहे. तिथेच गॅस बंद करा. झाकण ठेवू नका, आतली उष्णता कोंडली की बंद गॅसवरही दूध फाटतं.

५. दोन-तीन मिनिटांनी लिंबू घाला, ढवळा, चाखा.

होदी पळीच्या पाठीवर पातळ थर धरेल इतकीच दाट असते. ती पिठाने दाट करू नका. श्रीलंकेत ती इंदिआप्पांवर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांवर घालतात आणि सोबत पोल संबोल असतं. शेवया करायचा व्याप नको असेल तर पोल रोटी करा. दोन वाट्या कणीक किंवा मैदा, एक वाटी चव, बारीक चिरलेला कांदा-मिरची आणि मीठ एकत्र करून लागेल तसं कोमट पाणी घालून मऊ मळा. वीस मिनिटं झाकून ठेवा. हाताने अर्धा सेंटिमीटर जाडीची थापा आणि मध्यम तव्यावर दोन्हीकडून तांबूस डाग पडेपर्यंत भाजा. जाड असल्याने घाई केली तर मधे कच्ची राहते.

किरी होदी आठवड्यात दोन-तीनदा केलीत तरी कंटाळा येणार नाही, आणि नारळाचं दूध समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगला पदार्थ मला माहीत नाही. ती न फाटता जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

राइस अँड पीज: भातात जिरलेलं दूध

जमैकात हा रविवारच्या जेवणातला भात. ‘पीज’ म्हणजे इथे राजमा. नाताळच्या सुमारास हिरवे तुरीचे दाणे येतात तेव्हा ते घालतात. दूध भाताच्या प्रत्येक दाण्यात शिरणार असल्याने ते फाटण्याची धास्ती इथे नाही. जपायचं ते राजम्याला.

कच्च्या लाल राजम्यात एक प्रथिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन. नीट न उकळलेला राजमा खाल्ला तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. वाटीभर राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळा. मग मऊ होईपर्यंत शिजवा, किंवा प्रेशर कुकर लावा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकू नका. तिथलं तापमान या प्रथिनाला मोडायला पुरत नाही.

राजमा बोटाने दाबला जाईल इतका शिजला की त्याचं लाल पाणी फेकू नका, भाताचा रंग त्यातूनच येतो. त्यात दीड वाटी नारळाचं दूध, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या, पातीचे दोन कांदे, थाइमच्या दोन-तीन काड्या, ऑलस्पाइसचे सात-आठ दाणे आणि मीठ घाला. ऑलस्पाइसला जमैकात पिमेंटो म्हणतात. ते झाड त्याच भागातलं आहे आणि त्याच्याच लाकडाच्या धुरावर जर्क चिकन भाजतात. दहा मिनिटं उकळून मसाला दुधात उतरू द्या. मग धुतलेले दोन वाट्या लांब दाण्याचे तांदूळ घाला. सगळं मिळून पातळ पदार्थ साडेतीन ते चार वाट्या असावा, म्हणून तांदूळ घालण्याआधी राजम्याचं पाणी आणि दूध मोजून घ्या.

आता मिरची. स्कॉच बॉनेटचा तिखटपणा स्कोव्हिल मापावर १ लाख ते ३.५ लाख असतो. हालापेन्यो मिरची २,५०० ते ८,००० च्या घरात, यावरून अंदाज करा. तरीही ती या भातात घालतात, कारण तिला जर्दाळूसारखा फळाचा वास असतो आणि भाताला हवा असतो तो वासच. युक्ती अशी की मिरची अख्खी, देठासकट, कुठेही न चिरता तांदळावर अलगद ठेवायची, झाकण लावायचं आणि मंद आचेवर वीस मिनिटं भात शिजू द्यायचा. ढवळण्याआधी ती उचलून बाजूला ठेवायची. फुटली तर भात खाता येणार नाही. ती हाताळताना हातमोजे घाला. हाताला लागलीच तर आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा, कारण तिचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही.

पालुसामी: पानात कोंडलेलं दूध

सामोआत अळूच्या कोवळ्या पानांत दाट दूध आणि कांदा बांधून ते तापलेल्या दगडांच्या उमूत भाजतात आणि रविवारच्या जेवणाला खातात. फिजीत हेच लोव्होत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात करतात. घरी खड्डा खणून प्रयोग करू नका. ओढ्या-नदीतले ओल धरलेले दगड तापल्यावर फुटतात आणि त्यांचे तुकडे उडतात. ओव्हनमध्ये पालुसामी चांगली होते, फक्त धुराचा वास येत नाही, आणि तो कृत्रिम अर्काने आणू नये असं माझं मत आहे.

अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. म्हणून तीन नियम: पान खाण्याच्या जातीचंच हवं, शोभेच्या झाडाचं कधीही नको. देठ आणि जाड शिरा काढून टाकायच्या. आणि अर्धवट शिजलेलं पान चाखून पाहायचं नाही. पानं कशी निघतील याची खात्री नसेल तर ती आधी दहा मिनिटं उकळून पाणी फेकून द्या.

चार-चार पानं एकावर एक ठेवा, मोठं पान खाली. हाताची ओंजळ करून त्यात ती खोलगट धरा. मधे बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि तीन-चार चमचे दाट दूध घाला. कडा वर घेऊन पुरचुंडी करा, ती शेकवून मऊ केलेल्या केळीच्या पानात बांधा, वर फॉइल गुंडाळा आणि १८० अंश सेल्सिअसवर तासभर ते सव्वा तास ठेवा. उघडल्यावर पान पूर्ण गळलेलं, गडद आणि लोण्यासारखं मऊ असलं पाहिजे. दूध आत किंचित दह्यासारखं बसतं, ते तसंच हवं. अळू मिळालं नाही तर पालक किंवा स्विस चार्डची मोठी पानं घ्या, अर्ध्या तासात होतात. चवीत अळूचा भरीवपणा येत नाही, पण सराव होतो.

सोबत उकडलेले अळूचे कंद, कच्ची केळी किंवा कसावा (ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद) ठेवा. कंदांनाही हाच नियम: पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, तो कच्चा कधीही खाऊ नये. साल आणि तिच्याखालचा गुलाबीसर थर जाड सोला, मधला दोरा काढा, तुकडे भरपूर पाण्यात झाकण न ठेवता पूर्ण मऊ होईपर्यंत उकडा आणि पाणी ओतून द्या. कडू लागलेला कसावा सरळ टाकून द्या.

ऑइल डाउन: तेल सुटेपर्यंत

ग्रेनाडाचा हा राष्ट्रीय पदार्थ. किरी होदीत जे टाळलं ते इथे मुद्दाम घडवायचं आहे. यातला मुख्य घटक नीरफणस. हे पॅसिफिकमधलं फळ. कॅप्टन विल्यम ब्लाय ताहितीहून त्याची रोपं घेऊन निघाला होता, पण १७८९ मध्ये त्याच्या बाउंटी जहाजावर बंड झालं. दुसऱ्या मोहिमेत, १७९३ मध्ये, त्याने ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. मळ्यांवर राबवल्या जाणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसावं, हा त्यामागचा हेतू होता. ज्यांच्यावर हे अन्न लादलं त्यांच्याच वंशजांनी त्यातून शेजारपाजाऱ्यांना बोलावून करायचा मोठ्या पातेल्याचा सोहळा घडवला. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि म्हणून हा पदार्थ निवांत, चार माणसं जमवूनच करावा.

पूर्ण भरलेला पण टणक नीरफणस घ्या. चीक फार चिकट असतो, हाताला आणि सुरीला तेल लावा. आठ फाका करा, साल आणि मधला दांडा काढा. खारवलेलं मांस किंवा मासा वापरणार असाल तर रात्रभर भिजवून, एकदा उकळून पाणी फेका. ते नको असेल तर भोपळा आणि गाजर वाढवा.

मोठ्या पातेल्यात तळाशी मांस, त्यावर नीरफणस, मग कच्ची केळी, गाजर, कांदा-लसूण-थाइम, वर मैद्याच्या घट्ट पिठाच्या बोटभर लांब वळलेल्या गोळ्या आणि सर्वांत वर अळूची पानं. सहा वाट्या दुधात चमचाभर हळद आणि मीठ मिसळून वरून ओता. अख्खी मिरची वर ठेवा. आधी मोठी उकळी, मग मध्यम आच, झाकण लावून तासभर. ढवळायचं नाही, थर मोडतात आणि नीरफणसाचा लगदा होतो.

इथे कानाचा उपयोग करा. आधी रटरट असा जड आवाज येतो. पाणी आटत आलं की तो चर्रर्र असा, तळण्यासारखा होतो, कारण तळाशी आता दूध नसून तेल उरलेलं असतं. पातेलं किंचित कलतं करा. कडेला पिवळं तेल जमलेलं दिसलं की झालं. नीरफणसाच्या फोडी पिवळ्या, मऊ आणि तुपकट दिसतात. आवाज बदलल्यावर दहा मिनिटंसुद्धा दुर्लक्ष करू नका, तळ करपतो. अळूची पानं वरच्या थरात असल्याने ती पूर्ण गळली आहेत ना, हे वाढण्याआधी नक्की पाहा.

कोकोडा: आच न देता

फिजीत वालू, म्हणजे सुरमईच्या जातीचा मासा, यासाठी चांगला मानतात. सामोआचा ओका आणि ताहितीचा इया ओता हे त्याचेच भाऊबंद. लिंबाच्या रसात मासा पांढरा आणि घट्ट होतो, कारण आम्लाने प्रथिनं गोठतात. पण यात जंतू किंवा परजीवी मरतात असं समजू नका. मासा कच्चाच असतो.

म्हणून कच्चा खाण्यासाठी म्हणून विकला जाणारा समुद्री मासाच घ्या. उणे २० अंश सेल्सिअसवर सात दिवस गोठवल्याने परजीवी मरतात, पण घरातले बरेच फ्रीजर तितके थंड होत नाहीत, तेव्हा तसा गोठवलेलाच विकत घेणं बरं. गोठवल्याने जंतू मात्र मरत नाहीत. गोड्या पाण्यातला मासा यासाठी कधीही वापरू नका. प्रवाळाजवळ राहणारे मोठे शिकारी मासे, उदाहरणार्थ बाराकुडा, टाळा. त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पुढे दिलेला शिजवलेला प्रकारच खावा.

अर्धा किलो माशाचे दीड सेंटिमीटरचे तुकडे काचेच्या भांड्यात घ्या. बुडतील इतका ताजा लिंबाचा रस आणि मीठ घाला. झाकून फ्रीजमध्ये दोन ते चार तास ठेवा. एक तुकडा कापून पाहा, मधेपर्यंत पांढरा झाला की रस पूर्ण निथळून टाका. रस राहिला तर दूध फाटतं आणि वाडग्यात चोथापाणी दिसतं. मग वाटीभर थंडगार दाट दूध, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, मिरची आणि कोथिंबीर घाला. लगेच वाढा, उरलं तर ठेवू नका.

शिजवलेल्या प्रकारात तुकडे चार-पाच मिनिटं वाफवून, पूर्ण गार करून फक्त अर्धा तास लिंबात ठेवायचे. बाकी सगळं तसंच. चव थोडी वेगळी, पण छान लागते, आणि पाहुण्यांसाठी मी तोच सुचवेन.

उरलेलं ठेवताना

नारळाचे पदार्थ लवकर आंबतात. काढलेलं दूध फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वितळल्यावर पाणी आणि साय वेगळी होते, म्हणून ते किरी होदीला नको, भाताला आणि ऑइल डाउनला वापरा. शिजवलेला भात आणि ऑइल डाउन दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये टाका. दूध पिळल्यावर उरलेला चोथा फेकू नका, पोल रोटीत निम्म्या चवाच्या जागी तो खपतो.